नाशिकात राहून प्राचीन दर्शनांवर संशोधन करायचं तर

तत्त्वज्ञानात एमए झालेल्या मुलामुलींकडून पीएच.डी.चा पहिला आराखडा येतो तेव्हा त्याचं शीर्षक बहुधा एकाच साच्यातलं असतं : ‘भारतीय तत्त्वज्ञानातील आत्म्याची संकल्पना : एक चिकित्सक अभ्यास’. असा विषय मंजूर होतो, नोंदणी होते आणि दुसऱ्या वर्षी गाडी रुतते. उपनिषदांपासून शंकराचार्यांपर्यंत सुमारे दीड हजार वर्षांचा ऐवज सहा प्रकरणांत बसवायचा म्हटलं की प्रत्येक दर्शनाला तीस पानं मिळतात. ती तीस पानं मग पाठ्यपुस्तकांतून उतरतात, कारण प्रत्येक दर्शनाचे मूळ ग्रंथ वाचायला आयुष्यही पुरणार नाही. परीक्षकाला त्यात नवं काहीच सापडत नाही आणि लिहिणाऱ्यालाही कळत नाही की आपण नेमकं कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

हा लेख नाशिकमध्ये राहून, इथल्याच एखाद्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत किंवा शिकवण्याची आशा धरून, प्राचीन विचारांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुण्यात राहणाऱ्याला ग्रंथालयं पायाखाली मिळतात, तशी इथे मिळत नाहीत हे खरं. पण इथे जे आहे त्याकडे तत्त्वज्ञानाच्या लोकांचं लक्ष फार कमी जातं, आणि मला ते मनापासून खटकतं.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरची, पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी चोवीस लेणी सगळ्यांना ठाऊक आहेत. इतिहासवाले तिथले शिलालेख वाचतात, बौद्ध उपासक वंदनेला जातात, सकाळी फिरायला जाणारेही पुष्कळ. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी मात्र ‘तो इतिहासाचा विषय’ म्हणून पुढे जातो. आता लेणे क्रमांक ३ मधला गौतमी बलश्रीचा लेख घ्या. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे इसवीच्या दुसऱ्या शतकातला. त्यात गौतमीपुत्र सातकर्णीची लांबलचक स्तुती आहे : शक-यवन-पल्हवांचा संहार करणारा, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा. शाळेच्या पुस्तकात इथवरच येतं. लेखाच्या शेवटाकडे या राजमातेनं लेणं कुणाला दिलं तेही कोरलेलं आहे : ‘भदावनीय’ निकायाच्या, म्हणजे त्या नावाच्या बौद्ध पंथाच्या, भिक्षुसंघाला.

या एका शब्दापाशी थांबायचं. भदावनीय म्हणजे भद्रायणीय. बौद्ध निकायांच्या ज्या जुन्या याद्या आपल्यापर्यंत आल्या आहेत, त्यांत वसुमित्राच्या ग्रंथाची यादी महत्त्वाची. ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांत टिकला. त्यात वात्सीपुत्रीयांपासून चार शाखा फुटल्या असं सांगितलं आहे : धर्मोत्तरीय, भद्रायणीय, संमतीय आणि षण्णागरिक. आणि वात्सीपुत्रीय म्हणजे पुद्गलवादी. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांहून वेगळाही म्हणता येत नाही आणि तेच स्कंध असंही म्हणता येत नाही असा ‘पुद्गल’ मानणारे बौद्ध. अग्नी इंधनाहून वेगळा दाखवता येत नाही आणि इंधन म्हणजेच अग्नी असंही नाही, हा त्यांचा गाजलेला दृष्टांत. ‘बौद्ध अनात्मवादी असतात’ हे वाक्य परीक्षेत लिहून गुण मिळवलेल्या माणसाच्या शहराबाहेर, दहा किलोमीटरच्या आत, अशा परंपरेशी नातं सांगणाऱ्या निकायाचं राजघराण्यानं दिलेलं घर आहे.

इथून संशोधनाचा विषय तयार होतो. ‘आत्म्याची संकल्पना’ नव्हे, तर : पुद्गलाविरुद्धचे युक्तिवाद कोणत्या ग्रंथात कोणत्या रूपात येतात, त्यांत प्रतिपक्षाचं म्हणणं किती प्रामाणिकपणे मांडलंय, आणि दोन ग्रंथांतला पुद्गलवादी एकच बोलतो का. एवढं पाच-सहा वर्षांत होण्यासारखं आहे, कारण वाचायचा मजकूर मोजता येतो. पाली ‘कथावत्थु’ची पहिलीच चर्चा हीच आहे : ‘पुग्गलो उपलब्भति सच्चिकट्ठपरमत्थेनाति? आमन्ता.’ पुद्गल खऱ्या, परम अर्थानं सापडतो का? हो. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्याचं नववं प्रकरण पूर्णपणे याच वादाला वाहिलेलं आहे आणि त्यावर यशोमित्राची संस्कृत टीका आहे. उद्योतकराच्या न्यायवार्त्तिकात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला आत्म्याच्या चर्चेत बौद्धांचंच भारहारसूत्र बौद्धांवर उलटवलं आहे : भार वेगळा, भार वाहणारा वेगळा, हे तुमचेच बुद्ध सांगतात ना? आठव्या शतकातल्या शांतरक्षिताच्या तत्त्वसंग्रहात वात्सीपुत्रीयांची परीक्षा ‘केचित्तु सौगतंमन्या अप्यात्मानं प्रचक्षते’ अशी सुरू होते. स्वतःला सौगत, म्हणजे बुद्धाचे अनुयायी, समजणारे काहीजणसुद्धा आत्मा मानतात, अशी पहिल्याच ओळीत चपराक. मुख्य उतारे हे चार. चारही संस्कृत-पालीत उपलब्ध, छापलेले.

आता यात काय चुकतं ते आधी सांगतो, कारण चूक इतकी मोहक आहे की चांगले लोक तिच्यात सापडतात. ‘नाशिकच्या लेण्यांत पुद्गलवाद शिकवला जात होता’ असं वाक्य लिहिलं की प्रबंध तिथेच कोसळला. शिलालेख निकायाचं नाव सांगतो. त्या ओसरीवर बसून भिक्षू काय वाद घालत होते ते सांगत नाही. निकाय ही मुळात विनयाची (भिक्षूंच्या आचारनियमांची), दीक्षेच्या परंपरेची ओळख असते आणि एका निकायातल्या सगळ्यांची मतं एकच असायचं कारण नाही. शिवाय लेख दुसऱ्या शतकातला, वसुबंधू चौथ्या-पाचव्या शतकातला, शांतरक्षित आठव्या. मधल्या काळात मत सरकलेलं असू शकतं. लिहायचं ते एवढंच : ज्या निकायाला नंतरची परंपरा वात्सीपुत्रीयांची शाखा मानते, त्याला हे लेणं दिलं गेलं. पुढचं प्रत्येक पाऊल वेगळ्या पुराव्यानं टाकायचं.

दुसरी चूक पूर्वपक्षाची, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेल्या विरुद्ध मताची. पुद्गलवाद्यांचं स्वतःचं साहित्य फार थोडं उरलं. संमतीयांचा एक ग्रंथ चिनी भाषांतरात आहे, बाकी बरंचसं आपण त्यांच्या विरोधकांच्या तोंडून ऐकतो. विरोधक खंडनासाठी सोयीचं तेवढंच सांगतो. म्हणून टिपणवहीत चार रकाने आखायचे : ग्रंथ आणि ओळ, पुद्गलवाद्याच्या तोंडी घातलेलं वाक्य जसंच्या तसं, ते वाक्य त्यानं मान्य केलेलं आहे की खंडनकर्त्यानं त्याच्यावर लादलेला निष्कर्ष आहे, आणि तोच मुद्दा दुसऱ्या ग्रंथात आहे का. तिसरा रकाना सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत मोलाचा. ‘यदि’, ‘तर्हि’, ‘प्रसङ्गः’, ‘आपद्यते’ हे शब्द दिसले की ते विधान बहुधा लादलेलं असतं. वसुबंधूच्या नवव्या प्रकरणाची अशी वही पूर्ण झाली की प्रबंधाचं एक प्रकरण जवळजवळ तयार असतं.

भाषेशिवाय यातलं काहीच होत नाही. अनुवादावर प्रबंध उभा करता येतो असा समज आहे आणि तो समज पुष्कळांची वर्षं खातो. संस्कृतचा शालेय पाया असेल तर रोज तासभर देऊन वर्ष-सव्वा वर्षात सोपं भाष्य कोशाच्या मदतीनं लागू लागतं. पाया नसेल तर दोन वर्षं धरा. सुरुवात काव्यानं करू नका. भाष्याची भाषा ठरावीक असते : ‘ननु’ म्हटलं की शंका, ‘चेत्’नं ती संपते, ‘न’ म्हणून उत्तर, ‘अत आह’ म्हणून सूत्राकडे वळणं. ही वळणं ओळखता आली की निम्मा अर्थ लागतो. नवशिक्यानं दिवसाला दहा ते बारा ओळी वाचाव्यात, पण प्रत्येक समासाचा विग्रह लिहून. ज्या दिवशी चाळीस ओळी झाल्या त्या दिवशी काहीतरी निसटलं असं समजा.

मराठी माणसाला एक खास अडचण येते, ती म्हणजे शब्द ओळखीचे वाटतात. ‘वेदना’ म्हणजे दुखणं असं मनात बसलेलं असतं, बौद्ध स्कंधांत मात्र सुखद अनुभवही वेदनाच. ‘उपाधी’ म्हणजे मराठीत पदवी किंवा कटकट. न्यायात ती हेतूला दूषित करणारी अट. ‘संज्ञा’, ‘संस्कार’, ‘व्यवहार’, ‘धर्म’, सगळ्यांचं तसंच. प्रबंध मराठीत लिहिताना पहिल्याच प्रकरणात अशा पंधरा-वीस शब्दांचे अर्थ ठरवून टाकावेत आणि शेवटपर्यंत ते बदलू नयेत.

प्राकृताच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला घरचा फायदा आहे. लेणे ३ मध्येच गौतमीपुत्राच्या काळातला दुसरा एक लेख आहे. भिक्षूंना आधी दिलेलं शेत निरुपयोगी ठरलं म्हणून दुसरं देण्याची आज्ञा त्यात आहे, आणि कारण असं दिलंय : ‘त च खेत न कसते सो च गामो न वसति’. शेत कसत नाहीत, गाव वसत नाही. सरकारी कागदातलं हे वाक्य जवळजवळ दोन हजार वर्षांनी नाशिकच्या शेतकऱ्याला अनुवादाशिवाय कळतं. पाली त्याच घराण्यातली. संस्कृतचा पाया झाला की सहा महिन्यांत कामापुरती येते.

पालीसाठी तर नाशिक जिल्ह्याइतकी सोय थोड्याच ठिकाणी असेल. इगतपुरीच्या धम्मगिरीवरच्या विपश्यना विशोधन विन्यासानं छट्ठसंगायनाचं संपूर्ण तिपिटक अट्ठकथा (जुनी पाली भाष्यं) आणि टीकांसह देवनागरीत छापलं आहे आणि ते संगणकावरही मोफत मिळतं. एक काळजी घ्या : हा पाठ ब्रह्मदेशात १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीचा आहे. संदर्भ देताना जगभर लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीचे पृष्ठांक चालतात. संगणकीय आवृत्तीत ते अंक दाखवलेले असतात, तेच वापरा. पाठ वेगळा वाटला तर भिक्षू जगदीश काश्यपांच्या संपादनाखाली निघालेल्या नालंदा आवृत्तीशी ताडून पाहा; तीही देवनागरीत आहे.

संगणकावर शोध घेताना होणारी एक चूक इतकी साधी आहे की कुणी सांगत नाही. ‘पुद्गलः’ असा शब्द टाकला की यंत्र फक्त तेवढंच रूप शोधतं. ‘पुद्गलो’, ‘पुद्गलस्य’, ‘नापि पुद्गल’, संधीत मिसळलेलं ‘पुद्गलोऽस्ति’, सगळं सुटतं. म्हणून शेवट काढून ‘पुद्गल’ एवढंच टाकायचं. अनुस्वाराचं तसंच : ‘संग’ आणि ‘सङ्ग’, ‘स्कंध’ आणि ‘स्कन्ध’ हे यंत्राला वेगळे शब्द वाटतात. दोन्ही रूपांनी शोधा. आणि ‘हा शब्द या ग्रंथात येत नाही’ असं केवळ यंत्राच्या भरवशावर कधीही लिहू नका. महाजालावरच्या प्रतींत टंकनाच्या चुका असतात, काही ठिकाणी ओळच गळालेली असते. अवतरण घ्यायचं ते छापील आवृत्तीच्या पानाशी जुळवूनच.

छापील आवृत्त्यांचंही एक आहे : कोणती, हे महत्त्वाचं. अभिधर्मकोशभाष्याचा मूळ संस्कृत पाठ शतकानुशतकं हाती नव्हता; राहुल सांकृत्यायनांना त्याची पोथी तिबेटात मिळाली आणि प्रल्हाद प्रधानांनी संपादित केलेली आवृत्ती १९६७ मध्ये पाटण्याहून निघाली. त्याआधीचा अभ्यासक चिनी आणि तिबेटीवर काम करत होता, हे लक्षात न घेता जुन्या लेखकाच्या अर्थाला दोष देणं अन्यायाचं ठरतं. तत्त्वसंग्रह कमलशीलाच्या पंजिकेसह १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघाला. प्रबंधाच्या पहिल्या दहा पानांत आपण कोणत्या ग्रंथाची कोणती आवृत्ती धरली आणि का, हे लिहिलेलं असावं. परीक्षक आधी तेच बघतो.

पोथी वाचायची वेळ प्रत्येकावर येत नाही, पण एकदा तरी यावी असं माझं मत आहे. छापील पान किती निर्णयांनंतर तयार होतं ते मग कळतं. नागरी पोथीत ‘च’ आणि ‘व’, ‘प’ आणि ‘य’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल नेहमीची. एकाच शब्दानं संपणाऱ्या दोन ओळी जवळ आल्या की लेखनिकाची नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. अर्थ अचानक तुटला की आधी ही शक्यता तपासा. दोन पाठांपैकी कठीण पाठ बहुधा जुना, कारण लेखनिक सोपं करतो, अवघड करत नाही. पुष्पिकेतला (पोथीच्या शेवटच्या नोंदीतला) शक असेल तर ७८ मिळवायचे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे, आणि वर्ष जानेवारीत सुरू होत नाही म्हणून इसवी सनाची दोन वर्षं जोडीनं लिहायची : शके १६५० म्हणजे १७२८-२९. आकडे सांकेतिक शब्दांत (चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन असे) दिलेले असतील तर ते उजवीकडून डावीकडे मांडायचे. पोथीजवळ शाईचं पेन नको, पान उलटताना बोटाला थुंकी नको आणि बासन (पोथीचं फडकं) जसं बांधलेलं होतं तसंच परत बांधायचं.

शिलालेखांसाठी छापील आधार भक्कम आहे. भगवानलाल इंद्रजींनी केलेलं वाचन १८८३ च्या मुंबई गॅझेटिअरच्या नाशिक खंडात आहे, आणि सेनार यांचं संपादन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात. मराठीत वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांचं काम करून ठेवलं आहे. या वाचनांचे ठसे समोर ठेवून डोंगरावर जायचं. विजेरी भिंतीवर समोरून मारली तर अक्षरं सपाट होतात. ती बाजूनं, भिंतीला जवळजवळ समांतर धरली की खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. हात लावायचा नाही, खडू-पावडर घासायची नाही. ते केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि ठसा घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

लेख नीट लागला की नाही हे कधीकधी साध्या आकडेमोडीनं तपासता येतं. लेणे १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंसाठी ३००० काहापणांची (त्या काळची नाणी) अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यातले २००० शेकडा एक व्याजानं, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी. आता हे व्याज महिन्याचं की वर्षाचं? महिन्याचं धरलं तर महिन्याला वीस, वर्षाला २४०. आणि वीस गुणिले बारा बरोबर २४०. हिशोब जुळला, वाचन पक्कं झालं. उरलेल्या हजारावर पाऊण टक्का म्हणजे वर्षाचे ९०. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त वृद्धी भोगायची, असं लेखात स्पष्ट आहे. भिक्षूनं सोनं-चांदी घेऊ नये म्हणणारा विनय आणि श्रेणीत ठेवलेलं हे कायमचं भांडवल यांचा मेळ कसा बसवला गेला, हा नीतितत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्यावर एक स्वतंत्र प्रबंध सहज होईल.

इथे नाशिककरांसाठी आणखी एक इशारा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर तप करणारे गौतम ऋषी आपल्या अंगवळणी पडलेले आहेत, त्यामुळे ‘न्यायसूत्रांचे कर्ते गौतम आमच्या त्र्यंबकचे’ असं वाक्य इथल्या निबंधांत हमखास येतं. गोदावरी आणणारे पुराणकथेतले गौतम, न्यायसूत्रकार गौतम अक्षपाद, धर्मसूत्रकार गौतम आणि गौतम बुद्ध : गोत्रनाम एक, माणसं निराळी. गौतमीपुत्रातली गौतमी आणखी वेगळी. नावावरून माणूस जोडायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी पाठ करावा.

ग्रंथालयांचं सांगायचं तर शहरात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. जुनी मराठी भाषांतरं, कोश, बंद पडलेल्या मासिकांचे अंक यासाठी ‘सावाना’ आधी धुंडाळावं आणि मगच बाहेर पडावं. पुढचं सगळं पुण्यात : १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, डेक्कन कॉलेज, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. नाशिक-पुणे थेट लोहमार्ग नाही, सिन्नर-संगमनेरमार्गे एसटीनं पाच तास धरा. म्हणून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेत करू नका. हाती तीन तास उरतात आणि ते यादी शोधण्यात जातात. तीन महिन्यांतून एकदा सलग चार दिवस जा आणि निघण्यापूर्वी कोणत्या ग्रंथातली कोणती पानं पाहायची ते लिहून ठेवा. तत्त्वज्ञानाच्या माणसानं अमळनेरही एकदा पाहावं. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक होते, टी. आर. व्ही. मूर्ती आणि रासविहारी दास तिथे राहून काम करत, साने गुरुजीही तिथे शिकले. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातून देशभर वाचलं जाणारं ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघत होतं. ‘आपण मोठ्या शहरात नाही’ म्हणून हातपाय गाळणाऱ्यानं धुळेमार्गे जाऊन यावं.

आता नोकरीचं. वरचं सगळं पगाराच्या चौकटीत कसं बसवायचं, याचा विचार पहिल्याच वर्षी करावा लागतो. सहायक प्राध्यापक व्हायला १ जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान अर्हता आहे, पीएच.डी. त्या पदासाठी ऐच्छिक झाली. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकी दोन गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत आणि प्राचीन भारतीय दर्शनं त्यांपैकी मोजक्याच. भारतीय बाजू पक्की असलेले विद्यार्थी अडकतात ते तर्कशास्त्रात आणि विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य विचारात. त्या दोन घटकांना तयारीचा निम्मा वेळ द्या. तर्कशास्त्रात सराव केला की गुण हमखास मिळतात.

परीक्षा पास झाली म्हणजे जागा मिळते असं नाही. बहुतेक महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाचं एकच पद असतं. ते रिकामं झालं तरी कार्यभार, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रमतक्ता) आणि शासनाची परवानगी हे तिन्ही जुळेपर्यंत जाहिरात निघत नाही. तोवर तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी : तासागणिक मानधन. सीएचबीवर काम करणाऱ्यांनी नियुक्तिपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि प्रत्येक सत्राचं अनुभव प्रमाणपत्र त्या-त्या वर्षीच घेऊन ठेवावं. पाच वर्षांनी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ते मिळत नाही. सीएचबीची वर्षं भाषेसाठी वापरा, असं मी आग्रहानं सांगेन. कायम झाल्यावर समित्या, परीक्षा आणि मूल्यांकनाच्या फायली यांत रोजचा तास सापडणं कठीण होतं.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. सुरुवात स्तर १० वर, मूळ वेतन ५७,७००. पीएच.डी. असेल तर स्तर ११ वर चार वर्षांत जाता येतं, नसेल तर सहा; आणि सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागतेच. त्यामुळे नोकरीत असताना अर्धवेळ पीएच.डी. करणारे पुष्कळ. २०२२ च्या नियमावलीत त्याला मुभा आहे, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा, सुरुवातीला निदान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क. प्राचीन ग्रंथावर काम करणाऱ्यानं हिशोब सहा वर्षांचाच धरावा : पहिलं कोर्सवर्क आणि भाषा, दुसरं-तिसरं फक्त मूळ ग्रंथाचं वाचन आणि रकान्यांची वही, चौथ्यात आधुनिक अभ्यासकांचं लेखन, पाचव्यात प्रकरणं, सहावं दुरुस्तीला. बहुतेक जण आधुनिक लेखन आधी वाचतात. मग मूळ वाचताना दुसऱ्याचं उत्तर डोळ्यांपुढे येत राहतं आणि स्वतःचा प्रश्न सुचतच नाही.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत संस्कृतवाल्यांची एक निराळी पंचाईत होते. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. अवतरणं, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोग मोजायचे नसतात. पण यंत्राला श्लोक हे अवतरण आहे ते कळायला अवतरणचिन्हं लागतात. मूळ उतारा वेगळ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांत आणि लगेच संदर्भासह ठेवा. भाषांतर स्वतः केलेलं असू द्या. प्रसिद्ध भाषांतराचे चार शब्द बदलून लिहिलेलं भाषांतर यंत्रालाही पकडता येतं आणि परीक्षकाला तर नक्कीच.

सोळा तासांच्या अध्यापनातून संशोधनाला वेळ काढायचा एक मार्ग मला सगळ्यांत उपयोगी वाटतो : वर्ग आणि वही यांत अंतर कमी ठेवायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना बौद्ध दर्शन शिकवताना ठोकळेबाज ‘अनात्मवाद’ न शिकवता कथावत्थुतला पहिला प्रश्न देवनागरीत फळ्यावर लिहा आणि होकार-नकाराच्या दोन्ही बाजू मुलांकडून वदवा. त्यांच्या शंका बऱ्याचदा तुमच्या तिसऱ्या रकान्यातल्या असतात. वर्षातून एकदा पंधरा-वीस मुलांना घेऊन, पावसाळा संपल्यावर सकाळी लवकर डोंगरावर जा. प्रत्येकाच्या हाती ब्राह्मी वर्णमालेचा एक कागद आणि दोघांत मिळून एक विजेरी. आधी लेणे १० मधला व्याजाचा हिशोब भिंतीसमोर उभं राहून करून घ्या. मग लेणे ३ मध्ये बलश्रीच्या लेखातला ‘भदावनीयान’ शब्द दाखवा. लेणे १७ मध्ये उत्तरेकडच्या दातामिती गावचा योनक इंद्राग्निदत्त आहे. म्हणजे एक ग्रीक. वडिलांचं नाव धर्मदेव, मुलाचं धर्मरक्षित, आणि आईवडिलांच्या सन्मानार्थ त्यानं केलेलं दान. कायमचा आत्मा नसेल तर हे पुण्य आईवडिलांना पोचतं ते कसं, हा प्रश्न तिथेच विचारा आणि उत्तराची घाई करू नका. शेवटी कन्ह राजाच्या काळातलं लहानसं लेणे १९. तिथला लेख एवढाच : सातवाहन कुळातल्या कन्ह राजाच्या वेळी नाशिकच्या, श्रमणांच्या महामात्रानं (अधिकाऱ्यानं) लेणं करवलं. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असतो, त्यामुळे तो मुलांना लगेच सापडतो. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं एकेक अक्षर कागदाशी जुळवत गेलं की ‘नासिककेन’ हा शब्द ती स्वतःच वाचतात.